ओवीच्या प्राण्याची शेपूट

चित्रातले प्राणी जिवंत करून मिळू लागल्यापासून वर्गीकरण विभागात डॉ. शर्मिष्ठा देवस्थळींना उसंत नव्हती. आज समोर बसलेल्या पेंढारकरांच्या मांडीवर सहा पायांचा निळा प्राणी होता. त्यांच्या लेकीनं, ओवीनं, शेवटच्या आजारपणात काढलेला.

"शास्त्रीय नावात ओवीचं नाव घाला, मॅडम. ते तरी कायमचं राहील."

"राहील. पण नाव द्यायचं तर नमुना स्पिरिटच्या बरणीत ठेवावा लागतो. आणि हा तर जगात एकच."

पेंढारकरांचा हात प्राण्याच्या पाठीवर थबकला. मग डोळे मिटून त्यांनी त्याला टेबलावर ठेवलं.

बाईंनी जड मनानं बरणी उघडली. स्पिरिटचा वास येताच प्राणी बिथरला आणि उडी मारून थेट पेंढारकरांच्या सदऱ्यात शिरला. टेबलावर उरली वळवळणारी शेपूट.

बाईंनी ती चिमट्यानं उचलली. एवढ्याशा दातावरून डायनोसॉरची बारशी होतात, मग शेपटीवरून का नको? त्यांनी शेपूट बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं.

"झाला नमुना. न्या त्याला घरी. बिचाऱ्याची शेपूट मात्र गेली."

"येईल परत," सदऱ्यावर हात ठेवत पेंढारकर म्हणाले. "पालीची बघून काढली होती तिनं. म्हणायची, बाबा, याचं गेलेलं परत येतं."