पुजलेला हात

खंडेनवमीला मालकांनी आधी प्रेस मशीनला हळदकुंकू लावलं आणि मग चौरंगावर टेकवलेल्या सिद्रामच्या उजव्या हाताला. त्याचा हात याच मशीनमध्ये चेचला, तेव्हा युनियनच्या शेवंताताईंनी खेटे घालून कंपनीला ऑपरेशन करून यांत्रिक हात बसवायला लावलं होतं. पण तो हात कंपनीच्याच मालकीचा होता.

"पुजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं," म्हणत मालकांनी मोबाइलवरून मशीनबरोबर तो हातही बंद केला आणि निर्जीव तळव्यावर पेढा ठेवला.

प्रसाद डाव्या हातानं कसा घ्यायचा? सिद्रामनं चौरंगावर वाकून तो तोंडानंच उचलला.

पूजेला आलेल्या शेवंताताईंना ते पाहून शिसारी आली. "चल घरी. आज सुट्टी आहे ना?"

"हाताला आहे, ताई," सिद्राम म्हणाला. "मला गोडाऊन झाडायला थांबवलंय."