काळा दोरा

सांगोल्याकडचा बिरप्पा मेंढरं राखायचा. त्याच्या चराऊ रानाचा एकुलता एक जुना कागद दाव्यापायी आमच्या सोलापूरच्या कचेरीत, माझ्या ताब्यातल्या दप्तरखान्यात अडकला होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि सगळी गाठोडी सारख्याच लाल रुमालात बांधलेली. म्हणून त्यानं आपल्या गाठोड्याला काळ्या लोकरीचा दोरा बांधून ठेवला होता. दर तारखेला यायचा, दारातूनच तो दोरा डोळ्यांनी शोधायचा आणि मगच खाली टेकायचा.

एकतीस सालच्या मे महिन्यात तो तारखेला पोचला, तेव्हा दप्तरखाना पेटला होता. शिपाई घागरींनी पाणी मारत होते आणि आम्ही कारकून अंगणात नुसतेच खोकत उभे होतो. बिरप्पानं घोंगडं हौदात बुडवलं, डोक्यावरून घेतलं आणि कुणी अडवायच्या आधी तो आत शिरला. पाठोपाठ दारावरचं छप्पर कोसळलं.

बऱ्याच वेळानं तो मागच्या खिडकीतून बाहेर पडला. दोन्ही हात सोलवटले होते, पण गाठोडं छातीशी घट्ट धरलेलं होतं.

"भाऊसाब, धुरात काय बी दिसंना. हातानं चाचपून दोरा घावला, तवा उचललं. माजंच हाय न्हवं?"

मी दोऱ्याकडे बघितलं.



आगीच्या आदल्याच आठवड्यात कचेरीतली सुतळी संपली, तेव्हा त्याच्या गाठोड्याचा दोरा सोडवून त्याच दोऱ्यानं मी रद्दीचं एक गाठोडं बांधलं होतं, जाळायला काढलेलं.