डाव्या खांद्यावरचा गिअर

नवऱ्याच्या मोडक्या हाताचं प्लास्टर हेल्मेटवर आदळलं आणि तिने ब्रेक दाबला. मोटरसायकल गचका खाऊन बंद पडली. मागे बसलेल्या त्याने तिच्या पाठीत आणखी एक गुद्दा घातला. तो शिकवणीतला नव्हता, नुसत्या रागाचा होता.

शिकवणीतला मार ठरलेला होता. डाव्या खांद्यावर बुक्की म्हणजे गिअर वाढव. कमरेत ढोसलं म्हणजे कमी कर. डोक्यात प्लास्टर म्हणजे ब्रेक. तोंडाने सांगायला काय जीभ झिजत होती का? पण इंजिनाच्या आवाजात बायकोला ऐकू येत नाही, असं मागच्या सीटवरच्या या गुरुजींचं म्हणणं.

आता गुरुजींचा हात कसा मोडला तेही ऐका. महिन्यापूर्वी त्याने तिच्या तोंडावर ठोसा उगारला आणि ती खाली वाकली. सात वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच वाकली. ठोसा दाराच्या चौकटीवर बसला, मनगटाची दोन हाडं गेली. बेकरीतले पाव दुकानोदुकानी पोचवायचं त्याचं काम होतं. "तू वाकलीस म्हणून हे झालं," तो म्हणाला. "आता तूच गाडी शिकायची आणि तूच पाव वाटायचे." हात मोडला, पण खोड काही मोडली नाही.

तिने मान डोलावली. तिची थोरली बहीण दुसऱ्या गावात कुरिअरच्या ऑफिसात होती, आणि तिने फोनवर सांगून ठेवलं होतं, "लायसन घेऊन ये. नोकरी आणि खोली माझ्यावर सोड." नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. तेवढ्या एका कार्डासाठी ती रोज सकाळी मैदानावर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

तीन आठवड्यांत तिचा डावा खांदा काळानिळा झाला. दुपारी सासू गरम पाण्याची पिशवी घेऊन शेकायला बसायची. शेकताना चकार शब्द काढायची नाही, आणि मुलालाही कधी अडवायची नाही. सुनेला नवऱ्यापेक्षा या मुक्या म्हातारीचा जास्त संताप यायचा.

लायसनच्या परीक्षेच्या दिवशी ती नवऱ्याला मागे बसवूनच गेली. सासू पाठोपाठ बसने आली. कशाला आली, ते कुणी विचारलं नाही.

आठाचा आकडा तिने पाय न टेकता काढला. मग सरळ पट्टा आला. पहिल्या गिअरमध्ये गाडी पळू लागली, इंजिन किंचाळायला लागलं, आणि ती तशीच बसून राहिली. खांदा ताठ करून. बुक्कीची वाट बघत. मागची सीट रिकामी आहे हे डोक्याला कळत होतं, पायाला कळत नव्हतं.

"बाई, गिअर कुणाची वाट बघतोय?" परीक्षा घेणारे साहेब ओरडले.

तिला रडू फुटलं. काय करून ठेवलं या माणसाने आपलं! माराशिवाय पायसुद्धा हलेना. पट्टा निम्मा संपला होता. तिने दात आवळले, क्लच दाबला आणि पाय उचलला. दुसरा गिअर पडला. इंजिन शांत झालं. पुढचा तिने नुसत्या आवाजावरून टाकला आणि रेघेच्या अलीकडे गाडी उभी केली. साहेबांनी कागदावर सही ठोकली. तासाभरात खिडकीतून कार्ड मिळालं आणि तिने ते ब्लाऊजमध्ये सरकवलं.

नवरा फाटकाबाहेर उभा होता. "एका गिअरला इतका वेळ? चार लोकांत माझी लाज काढलीस." तिने हेल्मेट हातात धरलेलं होतं. प्लास्टर थेट भुवईवर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं. आजूबाजूचे लोक बघत राहिले, बघणाऱ्यांचं काय जातं? तिने पदराने डोळा पुसला, जखमेवरच हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली. तो मागे चढायला वळला, तर सीटवर त्याची आई बसली होती. डोक्यावर त्याचंच हेल्मेट, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"आई, उतर."

म्हातारी हलली नाही. त्याने तिचा दंड धरून ओढलं. म्हातारीने सुनेच्या कमरेला मिठी घातली. सुनेला काही समजलं नाही, पण डाव्या पायाने गिअर टाकला होता आणि गाडी सुटली होती. तो शिव्या देत बाजूने धावला. दंड सुटला तसं त्याने प्लास्टर उगारलं आणि सगळा जीव एकवटून बायकोच्या हेल्मेटवर हाणलं.

तिची बोटं आपोआप ब्रेकवर गेली. गाडी मंदावली. तो हात पसरून पुढे येत होता.

सासूने आपलं हेल्मेट तिच्या हेल्मेटला टेकवलं. "त्याला मी जन्म दिलाय, म्हणून सांगते," ती म्हणाली. "ब्रेक सोड."