दुसरी प्रिंट

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना सुनिताकडे फोन नव्हता, म्हणून दोघी मैत्रिणींच्या फॉर्मवर नम्रताचाच नंबर पडला. हॉलतिकीट आल्याचे मेसेजही तिच्याच फोनवर आले, लागोपाठ दोन. पण सराव पेपरात सुनिताला कायम आठ-दहा मार्क जास्त पडायचे. नम्रताने दुसऱ्या मेसेजबद्दल चकार शब्द काढला नाही. दोघींचे फॉर्म भरून देणारा कशेळ्यातला फॉर्मवाला सुनिताच्या हॉलतिकिटाचं विचारेल, म्हणून स्वतःची प्रिंटसुद्धा तिने पार कर्जतला जाऊन काढली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भर दुपारी सुनिता दारात उभी. डोंगरावरच्या वाडीतून पायी उतरलेली, घामाने निथळत.

"अगं, मेसेजची वाट बघत काय बसलीस? आज मी फॉर्मवाल्याला जाऊन विचारलं, तर हॉलतिकिटं कधीचीच आलीत! तुजं राहून गेलं असतं तर गं? माज्याबरोबर तुजं पण काढून आणलं."

नम्रताने मांडीवरचं पुस्तक आतल्या हॉलतिकिटासकट मिटलं आणि सुनिताने पुढे केलेला कागद दोन्ही हातांनी घेतला.

"बरं झालं बाई तू आलीस," ती म्हणाली. "मला तर मेसेजच आला नाय."