दहा नंबरची जर्सी

तुडीलच्या अकिबने किक मारली की बॉल सावित्री ओलांडून थेट शिवथरच्या घळीत जायचा आणि तिथली वटवाघळं दचकून सुलटी उभी राहायची. खोटं वाटत असेल तर वटवाघळांनाच विचारा. त्याच्या अब्बांनी कुवेतवरनं शाळेच्या टीमला अकरा जर्सी धाडल्या, वर निरोप, "दहा नंबर माझ्या अकिबचा."

पण फायनलच्या सकाळी सरांनी दहा नंबर शाळेच्या चेअरमनच्या पोराला, सोहेलला घातला. "तू पुढच्या मॅचला खेळ रे," म्हणाले, "आज पोरांच्या चपला सांभाळ." आता फायनलच्या पुढं कसली आलीय मॅच? शाळा जिंकली, फोटो निघाला आणि सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्याने तो कुवेतला नेला.

शुक्रवारी एसटीडी बूथवर अब्बांचा फोन आला. सहा वर्षांत त्यांनी पोराला बघितलं नव्हतं.

"अकिब, काय उंच झालास रे! दहा नंबर शोभतो हां तुला. अख्ख्या रूमला फोटो दाखवला मी. आणि काय रे, तो कडेला चपला घेऊन उभा हाय, तो कोण?"

अकिब बूथच्या काचेत स्वतःकडे बघत राहिला.



"तो टीममधला नाय, अब्बा."