एकही टाळी नाही

दारावर सोलापुरी चादर लटकत होती. म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू. म्हणजे इफ्रानं तोंडाला कुलूप लावायचं.

शाळेचं दप्तर तिनं हळूच खाली ठेवलं, पण नाक फुगलंच. चादर लावायचं काम तिचं होतं. ती स्टुलावर चढून चादर खिळ्यांना अडकवायची, मगच अब्बांचा माईक सुरू व्हायचा.

"आज कुणी लावली?"

"मी," तिची अम्मी मारिया म्हणाली. "अब्बांना घाईचं काम आलं."

"म्हणून मला न्यायला चंद्रव्वामावशी आली? आणि स्कूटर कुठंय?"

"गॅरेजला."

इफ्राचा बाप ताबीश आवाजाचं काम करायचा. जाहिराती, शाळेचे धडे, फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', जे मिळेल ते घरी बसून वाचायचं. डोक्यावर साहेब नाही, आणि रविवारही नाही. गेला आठवडाभर तो पुण्याच्या एका कंपनीसाठी पुस्तक वाचत होता. घरून काम करणाऱ्या आईबापांनी मुलांना वेळ कसा द्यावा, असं ते पुस्तक. ते वाचायला त्याला स्वतःच्या मुलीला दाराबाहेर बसवावं लागायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

इफ्राची मात्र तक्रार नव्हती. वाचताना चूक झाली की ताबीश एक टाळी वाजवायचा आणि वाक्य पुन्हा म्हणायचा. नंतर काटछाट करताना टाळीची जागा स्क्रीनवर उंच दिसते, चूक पटकन सापडते. इफ्रा बाहेर बसून टाळ्या मोजायची. एका टाळीला होम मैदानावर सायकलची एक फेरी, असा बापलेकीचा ठराव होता. काल अकरा टाळ्या झाल्या. आठ फेऱ्यांतच अंधार पडला, तीन राहिल्या.

"उद्या पाच वाजता," ताबीश म्हणाला होता. "उद्या मी सीट सोडणार. तू एकटी चालवणार."

आतून त्याचा आवाज आला, "मुलाला 'थोड्या वेळानं' असं सांगू नका. घड्याळातली वेळ सांगा, आणि ती पाळा."

"अम्मी, पाचला येतील ना?"

मारिया घड्याळाकडे बघत राहिली. "पाचला येतील. तसंच सांगितलंय."

घरात गॅस पेटला नव्हता. जेवण शेजारच्या चंद्रव्वानं आणलं. चंद्रव्वाचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा. ताबीशच्या निम्म्या टाळ्या तिच्यामुळेच वाजायच्या. आज मात्र ती दबक्या पावलांनी आली.

"खा गं बाळ, दोन घास." मग मारियाजवळ सरकून म्हणाली, "अजून सांगितलं न्हाय व्हय तिला?"

"पाचपर्यंत राहू द्या, मावशी."

इफ्रानं भाताचा घास तोंडात तसाच धरला. काहीतरी लपवलं जात होतं. नंतर मोरीत नळ सोडून अम्मी फोनवर बोलत होती, तेही तिनं ऐकलं. "गाडी निघाली का तिथून? दादा बरोबर आहेत ना?"

दादा म्हणजे होटगीचे नबीलाल, ताबीशचे वडील. रेल्वेतून रिटायर झालेले. ईदला त्यांनी नातीला नवी सायकल कबूल केली होती, कारण जुनीवर आता तिचे गुडघे हँडलला लागत होते.

इफ्राच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्कूटर गॅरेजला, दादांची गाडी, पाचची वेळ. सायकल येणार! गल्लीलासुद्धा ठाऊक असणार. समोरच्यांनी टीव्ही लावला नव्हता. भंगारवाला हाळी न देताच निघून गेला. सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिलाच नव्हतं.

तिला इतका आनंद झाला की अम्मीनं चांगली असलेली वेणी सोडून पुन्हा घातली, तरी ती कुरकुरली नाही. वेणी सैल झाली.

एकाच गोष्टीनं तिचं मन खट्टू होतं. टाळीच वाजत नव्हती. दोन वाजले, तीन वाजले. अब्बा सरळ वाचत होते, न अडखळता, न खोकता. असं कधी झालं नव्हतं. नव्या सायकलवर काय फक्त कालच्या तीनच फेऱ्या?

चारला तिला रडूच आलं. तिनं वहीचा कागद फाडला, त्यावर लिहिलं, 'अब्बा, एकदा तरी चुका ना,' आणि चादरीखालून आत सरकवला.

अब्बा थांबले नाहीत. वाचतच राहिले.

पावणेपाचच्या पुढं पुस्तक संपलं. आत शांत झालं. इफ्रा उठून उभी राहिली. पण तिच्या आधी मारिया चादरीआड गेली, आणि बाहेर येते तोवर पहिलं पान पुन्हा सुरू झालं होतं.

"तू कशी काय आत गेलीस?"

"पाणी द्यायला."

तिच्या हातात तांब्या नव्हता. मुठीत इफ्राचा कागद होता.

"वाचला त्यांनी?"

मारियानं तिला ओढून पोटाशी धरलं. इतकं घट्ट, की इफ्राला श्वास घेता येईना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली.

"आली!" इफ्रा ओरडली. चादर लटकत असताना ती पहिल्यांदाच ओरडली, आणि कुणीही तिला दटावलं नाही. ती अनवाणीच धावत सुटली.

गाडी मोठी होती, पांढरी. पुढून दादा उतरले आणि त्यांनी तिला उचलून तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. मागचं दार उघडून चौघांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या ताबीशला खाली घेतलं. बरोबर पाच वाजले होते, आणि चादरीमागून त्याचाच आवाज येत होता, "घड्याळातली वेळ सांगा, आणि ती पाळा."