रेवदंड्याची सांज

ही गोष्ट २०९४ सालची. रेवदंड्याच्या दीनाबाई नवगावकरांची लेक शेगुल्ला तेव्हा चंद्रावरच्या वसाहतीत डॉक्टर होती. तिथे सूर्य एकदा उगवला की चौदा दिवस मावळत नसे. मग शुक्रवारच्या सांजेला सुरू होणारा शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, पाळायचा कधी? वसाहतीने सगळ्या यहुद्यांना येरुशलायमची वेळ लावून दिली.

"तू कधी राहिलीस गं येरुशलायमात?" दीनाबाई म्हणाल्या. "माझ्या अंगणातली सांज घे."

तेव्हापासून त्या शुक्रवारी दिवे लावण्याआधी लेकीला फोन करत. शनिवारी अंगणातून तीन तारे मोजले, की शब्बाथ सरल्याचं कळवत. मधल्या वेळात, शब्बाथला वर्ज्य म्हणून, दोघीही फोनला हात लावत नसत.

एका शनिवारी फोन आलाच नाही. शेगुल्लाने दोन तास वाट पाहिली. आई घरात एकटी, छातीचं दुखणं जुनं. शेवटी तिनेच फोन लावला.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? ढग आलेत. दोनच तारे दिसलेत अजून."

"म्हणजे शब्बाथ सरला नाही? आणि तू फोन उचललास?"

"आणि तू लावलास तो?" दीनाबाई म्हणाल्या. "तुलाच काही झालं असेल, असं वाटलं गं."

दीनाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. शेगुल्ला चंद्रावरच म्हातारी झाली. तिचं पाहून वसाहतीतल्या इतर यहुद्यांनीही हीच वेळ धरली. तिथली यहुदी मुलं आजही रेवदंड्याच्या सांजेला दिवे लावतात. त्यांतल्या एकानेही रेवदंडा पाहिलेला नाही.